दिव्यासमोरचा अंधार

सायंकाळी सहा ते रात्री नऊ ही आपल्याकडे घरी परतण्याची वेळ. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून सुटलेले कामगार, कार्यालयांतून निघालेले कर्मचारी, शिकवणीवरून परतणारी मुले, बाजार समितीत माल विकून रिकामी ट्रॉली घेऊन गावाकडे निघालेला शेतकरी, असे सारे नाशिक याच तीन तासांत रस्त्यावर असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल पाहिले, तर देशात सर्वाधिक अपघात याच तीन तासांत होतात असे वर्षानुवर्षे दिसते. एकूण अपघातांपैकी सुमारे एक पंचमांश. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होती. एखाद्या तालुक्याचे गाव दरवर्षी नकाशावरून पुसले जावे, तसा हा आकडा आहे. तरीही तो वाचताना आपल्या मनावर ओरखडाही उठत नाही. अपघात हा नशिबाचा भाग मानून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो.

नाशिककरांना तरी तसे पान उलटता येऊ नये. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेल्या खासगी प्रवासी बसची आणि एका मालमोटारीची शहरालगत मिरची हॉटेल चौकात टक्कर झाली. बसने पेट घेतला आणि झोपेतील बारा प्रवासी गेले. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनी बस थांबलेल्या मालमोटारीवर मागून आदळली. तेथेही बारा जीव गेले. १२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी द्वारका परिसरातील उड्डाणपुलावर, लोखंडी सळया वाहून नेणाऱ्या मालमोटारीवर पिकअप आदळली आणि निफाड तालुक्यातील कार्यक्रमाहून सिडकोकडे परतणारी तरुण मुले प्राणास मुकली. या तिन्ही दुर्घटनांची कारणे एकसारखी नाहीत. वेग, थकवा, चौकाची रचना, वाहनात कोंबलेली माणसे, चुकीच्या जागी उभे केलेले वाहन, असे प्रत्येक ठिकाणी निरनिराळे दोष सांगता येतील. परंतु तिन्ही घटना उजेड अपुरा असतानाच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. समोरचे वेळेत दिसणे आणि आपण इतरांना वेळेत दिसणे, या दोन गोष्टींवर अंधारातला प्रत्येक प्रवास तोललेला असतो. या दोन्ही गोष्टींची आपण रोज किती सहजपणे हेळसांड करतो, हा या लेखाचा विषय आहे.

संध्याकाळी गंगापूर रोडवर, त्र्यंबक रोडवर किंवा नाशिकरोडकडे जाताना दहा मिनिटे उभे राहून पाहावे. रस्त्यावर पालिकेचे दिवे लखलखत असतात. दुकानांच्या पाट्यांचा उजेड वेगळाच. अशा उजेडात कोणत्याही वाहनाला दूरवर झोत टाकण्याचे कारण नाही. तरीही समोरून येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचे दिवे सरळ आपल्या डोळ्यांत घुसतात. चालकांच्या भाषेत याला 'अपर मारणे' म्हणतात, आणि झोत खाली घेण्याला 'डिपर देणे'. 'मारणे' आणि 'देणे' ही क्रियापदे आपल्या लोकभाषेने किती नेमकी निवडली आहेत! अपर मारला जातो आणि डिपर दिला जातो. पण देण्याची ती सवय आज सुटत चालली आहे. अनेक गाड्यांत अपर एकदा लावला की घर येईपर्यंत खाली येत नाही. कित्येकांना आपल्या गाडीचा अपर चालू आहे हेही ठाऊक नसते. समोरच्या फलकावरील छोटी निळी खूण तेच सांगण्यासाठी असते, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

डोळ्यांवर पडणारा हा झोत म्हणजे केवळ त्रास, असे समजून आपण तो सोडून देतो. त्यामागचे शरीरशास्त्र समजून घेतले, तर त्याचे गांभीर्य कळेल. प्रखर प्रकाश पडताच बुबुळातील बाहुली क्षणार्धात आकसते. ती पुन्हा विस्तारायला मात्र काही सेकंद लागतात आणि डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशग्राही द्रव्य पूर्ववत होण्यास त्याहूनही अधिक वेळ लागतो. पूर्ण अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वय वाढते तसा हा दोष वाढतो. साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, विशीतील तरुणाच्या मानाने, सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा झोत डोळ्यात विखुरतो आणि सारे दृश्यच धुरकट होते. आता साधे गणित करू. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते. समोरच्या अपरमुळे चालक तीन सेकंद दिपून गेला, तर तो पन्नास मीटर रस्ता जवळजवळ आंधळेपणाने ओलांडतो. त्या पन्नास मीटरमध्ये रस्ता ओलांडणारी एखादी आजी असू शकते, दिवा नसलेला सायकलस्वार असू शकतो, पंक्चर काढण्यासाठी कडेला वाकलेला माणूस असू शकतो. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या परिचयाची आहे. आपल्या रस्त्यांवर आता दिव्यासमोर अंधार आहे, आणि तो दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

मग माणसे अपर का लावतात? 'दिसत नाही म्हणून', हे ठरलेले उत्तर. पण ते अर्धेच खरे आहे. डिपरचा उजेड साधारण चाळीस ते साठ मीटरपर्यंत उपयोगी पडतो. कोरड्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगात धोका लक्षात येऊन गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे पंचेचाळीस मीटर अंतर जाते. ऐंशीच्या वेगात ते सत्तर मीटरच्या आसपास पोहोचते. याचा अर्थ स्पष्ट आहे. साठच्या आत चालवणाऱ्याला डिपर बहुतेक वेळा पुरतो. ऐंशीने पळणाऱ्याला तो पुरत नाही, कारण गाडी त्याच्या दृष्टीच्या पुढे धावत असते. समोर वाहन आले की त्याने वेग उतरवावा आणि डिपर द्यावा, हा शहाणपणाचा मार्ग. तो टाळून अपर तसाच ठेवणारा माणूस आपला वेग राखण्यासाठी समोरच्याची दृष्टी हिरावून घेत असतो. शब्द कठोर वाटतील, पण या व्यवहाराला दुसरे नाव नाही.

कायद्याने या बाबतीत काही संदिग्ध ठेवलेले नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ वा नियम, समोरच्या दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत, असे सांगतो. लगेच पुढचा १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा. इतका, की समोर आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असणाऱ्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. दीड मीटर ही पायी चालणाऱ्या सामान्य उंचीच्या माणसाच्या डोळ्यांची पातळी होय. नियम करणाऱ्याने गाडीतल्या माणसाइतकाच रस्त्याने चालणारा माणूसही डोळ्यांसमोर ठेवला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१७ मध्ये आलेल्या वाहनचालनविषयक विनियमांनीही पथदिव्यांचा पुरेसा उजेड असताना अपर वापरू नये, समोरून वाहन येत असेल किंवा आपण दुसऱ्याच्या मागे जवळून जात असू तर डिपर द्यावा, असेच सांगितले आहे. जुन्या पिढीला हेडलाईटच्या काचेच्या वरच्या भागावर लावलेला काळा रंग आठवत असेल. पोलीस चौकात गाडी थांबवून ब्रशाने तो ठिपका लावीत. उपाय ओबडधोबड खरा, पण त्यामागील विचार हाच होता.

तो काळा ठिपका गेला आणि दिवे मात्र दिवसेंदिवस प्रखर होत गेले. साध्या हॅलोजन दिव्याची शक्ती ५५ ते ६० वॉट असते. त्या जागी ९०-१०० वॉटचे दिवे बसवण्याची हौस आधी आली. नंतर स्वस्त एलईडी आले. मूळ हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बसवला, की प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी राहत नाही. परावर्तकाचे सारे गणित बिघडते आणि डिपरवरही उजेड वर व बाजूंना विखुरतो. काही दिवे उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी घडवलेले असतात. त्यांचा झोत उजवीकडे चढतो आणि आपल्याकडे नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बंपरवर बसवलेल्या पांढऱ्या पट्ट्या, जीपच्या टपावरील दिव्यांची रांग, मागच्याला दिपवणारे लखलखते लाल-निळे दिवे यांची भर वेगळीच. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवा काढून टाकला, तेव्हा सामान्य माणसाला समाधान वाटले होते. त्या लाल दिव्याची हौस आता गल्लोगल्लीच्या गाड्यांवर वेगळ्या रंगात उगवली आहे. अधिकाराचे चिन्ह सरकारने उतरवले. अधिकाराचा आव आम्ही घरी नेऊन आपल्या गाडीला लावला.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली, ही स्वागतार्ह घटना होय. कोईम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेविषयी याचिका दाखल केली होती. अपघातात मोडलेली माणसे रोज शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहणाऱ्या डॉक्टरला न्यायालयाची पायरी चढावीशी वाटली, यातच बरेच काही आले. त्याच प्रकरणात न्यायालयाने हेडलाईटच्या प्रखरतेची आणि झोताच्या कोनाची कमाल मर्यादा निश्चित करावी, तिची तपासणी पीयूसी व योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी करावी, बदललेल्या दिव्यांविरुद्ध मोहिमा घ्याव्यात आणि लाल-निळे लखलखते दिवे व बेकायदा भोंगे यांवर बंदी आणावी, असे निर्देश दिले. यातील पीयूसीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने परिवहन कार्यालयापुढे उभे राहावे लागते. खासगी गाडी मात्र एकदा नोंदली की पंधरा वर्षे तिचे दिवे कोणी पाहत नाही. धूर मोजण्यासाठी ती नियमित पीयूसी केंद्रावर जाते. तेथे दोन मिनिटांत झोताचा कोनही पाहता येईल. या निर्देशांचे नशीब इतर अनेक निर्देशांसारखे फायलीत बंद होण्याचे असू नये, एवढीच अपेक्षा.

दंडाची तरतूदही कागदावर अपुरी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने किरकोळ उल्लंघनाचा दंड शंभरावरून पाचशे रुपयांवर गेला. गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण या अपराधाचे स्वरूपच असे आहे की पोलीस त्याला सहज पुरा पडणार नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलीस आयुक्तालयाने 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू केली. विनाहेल्मेट चालकांना 'नाशिक फर्स्ट' संस्थेच्या वाहतूक उद्यानात बसवून समुपदेशनही केले गेले. हेल्मेट नसलेले डोके भर दिवसा, पेट्रोल पंपावर, कोणालाही दिसते. अपरचा अपराध घडतो तो पिंपळगाव किंवा सिन्नरच्या वाटेवर रात्री दहा वाजता; आणि त्याचा एकमेव साक्षीदार त्या क्षणी दिपलेला असतो. गाडी पुढे गेली की पुरावाही गेला. म्हणून येथे कायद्याचा हात जेथे थांबतो, तेथून संस्काराचे काम सुरू होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. 'शहराबाहेर पथदिवे नाहीत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसले गेले आहेत, खड्डे केव्हा येतील सांगता येत नाही, समोर अचानक गुरे येतात, दिवा नसलेली ट्रॉली येते. डिपरवर आम्ही मरायचे का?' असे वाहनचालक विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यायला हवे. रस्त्याच्या कडांचे परावर्तक पट्टे, वळणांवरील खुणा, दुभाजकावर लावलेली कण्हेर व बोगनवेल या गोष्टी शोभेच्या नाहीत. दुभाजकावरची झुडपे समोरचा झोत अडवतात, म्हणूनच ती लावली जातात. ती वाळली आणि पुन्हा लावली गेली नाहीत, तर तो सुरक्षेचा प्रश्न होतो. पथकर घेणाऱ्यांनी आणि नगरपालिकांनी त्याचा हिशेब दिला पाहिजे. पण हे सारे मान्य करूनही उरते ते हे की रिकाम्या, अंधाऱ्या रस्त्यावर अपर लावण्यास कोणीच मनाई केलेली नाही. मागणी एवढीच आहे की समोर माणूस दिसला की तो खाली आणावा. त्याला बोटाची एक हालचाल पुरते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. काहींच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि काहींना दिवाच नसतो. लासलगाव व पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलावासाठी पहाटेच कांद्याचे ट्रॅक्टर निघतात. निफाड परिसरात थंडीच्या दिवसांत धुके इतके दाटते की चार हातांवरचे दिसत नाही. त्यात मागे लाल दिवा नसलेली, परावर्तक पट्टी नसलेली, मातीच्याच रंगाची ट्रॉली म्हणजे रस्त्यावर उभी केलेली भिंतच. उसाच्या बैलगाड्यांची अवस्थाही तीच. पूर्वी रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. तो गाडीवानाला रस्ता दाखवण्यापेक्षा 'येथे कोणी आहे' हे दुसऱ्यास सांगण्यासाठी अधिक होता. आजच्या ट्रॉलीला तेवढाही आवाज राहिलेला नाही. शेतकऱ्यावर दंडाचा बडगा उगारून हे सुटणार नाही. परावर्तक पट्टीची किंमत एका कांद्याच्या गोणीपेक्षा कमी आहे. बाजार समित्यांनी आणि साखर कारखान्यांनी आवाराच्या फाटकावरच ती लावून द्यावी. ज्या ट्रॉलीला पट्टी नाही तिला ती चिकटवूनच आत सोडावे.

घाटातील सवयींचेही तसेच. पावसाळ्यात कसारा घाटात ढग उतरले, की निम्म्या गाड्या चारही इंडिकेटर लुकलुकवत चालू लागतात. चारही दिवे एकदम लुकलुकणे ही 'माझी गाडी बंद पडून उभी आहे' याची खूण आहे. चालत्या गाडीने ती दिली, की ती डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळण्याचा मार्गच बंद होतो आणि खरोखर बंद पडलेली गाडी ओळखूही येत नाही. काहीजण तर चौकात सरळ जायचे आहे हे सांगण्यासाठी चारही इंडिकेटर लावतात! धुक्यात अपर लावणाऱ्यालाही आपली चूक कळत नाही. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून तो प्रकाश उलटून त्याच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. धुक्यात डिपर आणि कमी वेग हाच मार्ग. ही माहिती अवघड नाही. पण आपल्याकडे वाहन चालवण्याची परीक्षा दिवसा होते आणि रात्रीचे चालवणे ज्याने त्याने आपापल्या मतीने शिकायचे असते.

या साऱ्याच्या मुळाशी एक मनोवृत्ती आहे, आणि तिचा विचार केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. समोरच्याने अपर मारला की आपला हात आपोआप दांडीकडे जातो. 'त्याला नाही, तर मी का?' या जशास तशाच्या न्यायाने आपणही अपर मारतो. परिणाम काय होतो? दोन दिपलेले चालक, सेकंदाला तेहतीस मीटर या वेगाने, एकमेकांच्या दिशेने येत राहतात. शत्रूला धडा शिकवण्याच्या आवेशात आपण आपलेच कुटुंब पणाला लावतो. मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात, शेजारी पत्नी बसलेली असते. आणि धडा शिकवला जातो तो अशा माणसाला, जो पुन्हा आयुष्यात भेटणार नाही. सिग्नल हिरवा होण्याआधीच वाजणारा भोंगा, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी उलट्या बाजूने घुसणारी दुचाकी, द्वारका चौकात दोन हातांच्या जागेसाठी होणारी हमरीतुमरी, ही सारी याच मनोवृत्तीची अपत्ये होत. घरात पाहुण्याला आधी पाणी देणारा, मंदिराच्या रांगेत वृद्धाला पुढे जाऊ देणारा सभ्य माणूस काचा वर केल्या की निराळाच होतो. काचेमागे त्याला वाटते की आपल्याला कोणी पाहत नाही, आणि समोर माणूस नाही, फक्त एक गाडी आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे दिवे कोणाच्या गाड्यांवर असतात? रिक्षावाल्याला किंवा ट्रकचालकाला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्या मध्यमवर्गाला सवय आहे. परंतु हजारो रुपये खर्चून जादा दिवे बसवणारा, उंच गाडीच्या आसनावरून रस्त्याकडे पाहणारा चालक बहुतेक वेळा सुशिक्षित, सुस्थित, पाठीवर कौतुकाची थाप पडावी अशा घरातलाच असतो. राष्ट्राच्या उन्नतीविषयी आपण तासन्‌तास बोलतो, नागरिकांच्या कर्तव्यांवर व्याख्याने ऐकतो आणि त्याच व्याख्यानाहून घरी परतताना समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत अपर मारतो. मोठ्या शब्दांची परीक्षा अशा लहान कृतींत होत असते. वाहन चालवताना आपण जे जे करतो, त्यातील बहुतेक आपल्याच सुरक्षेसाठी असते. पट्टा, हेल्मेट, ब्रेक हे सारे स्वतःसाठी. डिपर ही मात्र अशी एक कृती आहे, जिचा पहिला लाभ समोरच्या अनोळखी माणसाला होतो. तो आभार मानायला थांबत नाही, पोलीस पाहत नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही. म्हणूनच ती कृती आपले खरे मोजमाप सांगते.

आपल्या परंपरेत दिव्याचे स्थान काय होते, हेही आठवावे. दिवेलागणीला तुळशीपाशी आणि उंबऱ्यावर दिवा लागे. दीपमाळ देवळाच्या अंगणात उभारली जाई, कारण तिचा उजेड दूरच्या वाटसरूला गाव जवळ आल्याचे सांगे. आषाढ अमावास्येला घरातील सारे दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. या सर्व प्रथांत एक गोष्ट समान आहे. दिवा दुसऱ्याला वाट दाखवतो, त्याची वाट हिरावून घेत नाही. गाडीचा दिवा हाही दिवाच आहे, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.

आणि हे भान नाशिकला इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक हवे. या भूमीच्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या वाटा आहेत. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी चहूकडून दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. चैत्रात खान्देशातून लाखो पावले सप्तशृंगी गडाकडे निघतात आणि उन्हामुळे त्यातील बराच प्रवास रात्रीचा होतो. शिर्डीच्या पालख्या सिन्नरमार्गे बारमाही चालू असतात. २०२७ च्या सिंहस्थ पर्वकाळात तर देशभरातील वाहने या रस्त्यांवर येतील. त्यांच्या चालकांना ना आपली वळणे माहीत असतील, ना आपले चौक. त्या वेळी यजमान म्हणून आपण त्यांच्यापुढे कोणते वळण ठेवणार आहोत?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खंडेनवमी-विजयादशमीला आपण वाहन धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच दिवशी सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. भिंतीवर पडलेल्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली असली पाहिजे. नसेल तर कारागिराकडून बसवून घ्यावी. मागे माणसे व सामान भरले की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि डिपरही वर जातो. त्यासाठी बहुतेक मोटारींत झोत खाली आणण्याचे एक छोटे चाक दिलेले असते. घरातील किती जणांना ते कोठे आहे हे ठाऊक आहे, ते विचारून पाहावे. हेडलाईटची पिवळी पडलेली काच स्वच्छ करावी, मागचा लाल दिवा लागतो की नाही ते दर आठवड्याला पाहावे. बाहेरून आणून बसवलेले जादा दिवे असतील, तर ते स्वतःहून काढावेत. शेजारी बसणाऱ्यांनी, मुलांनीसुद्धा, 'बाबा, डिपर' म्हणण्यास संकोचू नये आणि बाबांनी ते ऐकून घेण्यात कमीपणा मानू नये. उत्सव मंडळांनी, वाचनालयांनी, दिंड्यांच्या व्यवस्थापकांनी वर्गणीतील थोडा पैसा परावर्तक पट्ट्यांसाठी काढावा. दिंडीच्या शेवटच्या वारकऱ्याच्या पाठीवर आणि गावातील प्रत्येक ट्रॉलीच्या मागे ती असावी. एका तालुक्याचे काम एका हंगामात उरकण्यासारखे आहे.

शासनाकडे मागणी करण्याचा आपला हक्क आहे, आणि ती जोराने केलीच पाहिजे. पण आज रात्री घरी जाताना समोर पहिला दिवा दिसेल तेव्हा न्यायालयाचा आदेश, आयुक्तांची मोहीम, पालिकेचे अंदाजपत्रक यांपैकी काहीही तेथे नसेल. तेथे असेल आपला हात आणि समोर येणारा एक अनोळखी माणूस. त्याच्या घरीही कोणीतरी दिवा लावून त्याची वाट पाहत आहे. तो सुखरूप पोहोचावा, यासाठी आपल्या हातून झोत खाली यावा.